सहा अक्षरांचं बारसं

टेलिफोनच्या नियमांप्रमाणे संयोगिता उपद्रवी ठरली, त्या मंगळवारी ती इराला नाचणीची पेज भरवत होती. निम्मी पेज इराच्या पोटात, निम्मी संयोगिताच्या कोपरावर आणि उरलीसुरली फोनवर गेली होती. फोनवरची तिने अंगठ्याने पुसली तेव्हा खालून मजकूर निघाला. आपल्या क्रमांकावरून विनानोंदणी व्यावसायिक संदेश जात असल्याने आपली संदेशसेवा बंद करण्यात येत आहे. रिक्षावाल्याशी घासाघीस करतानासुद्धा 'अण्णा, स्वल्प बघा ना' म्हणणारी ही बाई. तिला त्यांनी कर्ज वाटणाऱ्यांच्या आणि प्लॉट विकणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं होतं.

"काय लिहिलंय गं?" सासूबाईंनी, म्हणजे सगुणाबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं.

"मी लोकांना त्रास देते असं लिहिलंय, आत्याबाई."

"त्यांना कुणी कळवलं?" सगुणाबाई म्हणाल्या.

गुन्हा असा होता. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बायका बेंगळुरूत सगळ्यांना हव्या असतात आणि कुणालाच मिळत नाहीत. इराच्या वेळी संयोगिताला गंगव्वा मिळाली. ती चिक्कोडीकडची. तिच्या पायांवर इरा अशी सैल पडायची की जणू तिला हाडं अजून बसवायची राहिली आहेत. गंगव्वाच्या ओळखीत असल्याच आणखी आठ जणी होत्या, आणि संयोगिताच्या ओळखीत दर आठवड्याला कुणी ना कुणी बाळंत होत होतं. तिने ही दोन टोकं जोडली, 'न्हाऊमाखू' नावाची संस्था रीतसर नोंदवली आणि इराला दोन महिने पुरे झाल्यावर गंगव्वालाही दुसऱ्यांच्या घरी पाठवायला लागली. रोज नऊ जणींना उद्याचा पत्ता कळवायचा आणि नऊ घरांना उद्याची वेळ. व्हॉट्सअॅप चालत नव्हतं, कारण बायकांचे फोन बटणांचे. फोन करून भागत नव्हतं, कारण न्हाऊ घालणाऱ्या बाईचे दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत तेलात असतात, आणि कोपराने फोन उचलता येतो असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. राहता राहिला साधा मेसेज. गंगव्वा सातवी शिकलेली, कन्नड सरसर वाचायची. दोन घरांच्या मध्ये, बसमध्ये बसल्या बसल्या तिला पुढचा पत्ता मिळायचा.

तो आता मिळेना. बुधवारी गंगव्वा हेब्बाळच्या एका बारा मजली सोसायटीच्या फाटकाशी दीड तास उभी राहिली. फ्लॅटचा नंबर मेसेजात येणार होता. वर ओली बाळंतीण तेल कोमट करून वाट बघत बसली होती, आणि खाली पहारेकरी गंगव्वाला विचारत होता, कुणाकडे जायचंय. "बाळाकडं," असं गंगव्वाने सांगितलं. त्या सोसायटीत तेहेतीस बाळं होती.

"वैनी, मी वाळत घातल्यागत हुबी हाय हितं," शेवटी तिनेच, आपल्या फोनात पैसे नव्हते म्हणून, कुणाच्या तरी फोनवरून कळवलं. त्या दिवशी तेल पुन्हा थंड झालं आणि त्या बाळंतिणीने संस्थेला नमस्कार केला. हात जोडून करतात तो नव्हे.

एवढ्यावर भागलं असतं तर संयोगिता रडून मोकळी झाली असती. पण तिची रजा संपत होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तिला ऑफिसात हजर व्हायचं होतं. ऑफिस हेब्बाळला, घर जयनगरला, आणि मधे सगळं बेंगळुरू आपापल्या गाडीत बसलेलं. सकाळी इरा झोपेत असताना निघायचं आणि परत यायचं तेव्हा इरा पुन्हा झोपेत. असं मूल आईला फक्त डोळे मिटलेलं माहीत असतं. यातून सुटण्याची एकच वाट होती. एचएसआर लेआउटमधल्या एका प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाई म्हणाल्या होत्या की एक तारखेपासून आमच्या सगळ्या बाळंतिणी तुमच्याकडे पाठवते. तेवढी घरं मिळाली तर संयोगिता नोकरीला रामराम ठोकू शकत होती. मेट्रनबाईंची अट मात्र होती. निरोप कुणाच्या खासगी नंबरावरून येता कामा नये. बँकेचा येतो तसा वर नाव असलेला, नोंदणी केलेला यायला हवा. "कोवळ्या बाळाच्या घराचं दार आहे ते," त्या म्हणाल्या, "कुणाच्याही मेसेजवर नाही उघडायचं." संयोगिताला ते पटलंही होतं, हीच पंचाईत.

मॅनेजरला तीस तारखेपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. तो मंगळवार म्हणजे सात तारीख.

"मेसेजवरचं नाव सहा अक्षरांचं लागतं ना?" तिचा नवरा यशोवर्धन म्हणाला. "तेवीस दिवसांत सहा अक्षरं. चार दिवसांना एक अक्षर. त्यात काय एवढं?" तो संगणकवाला असल्यामुळे त्याला हिशेबात नेहमी उमेद दिसते.

या कामात पहिला सल्लागार न बोलावता आला. वरच्या मजल्यावरचे नरसिंहराव टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झाले होते, आणि घरात फोन या शब्दाचा उच्चार झाला की त्यांना तो वर ऐकू यायचा. ते खुर्चीत स्थिरावले, कॉफीचा पेला जमिनीवर ठेवला आणि इराने तो पाडू नये म्हणून पुन्हा हातात घेतला.

"काय अम्मा, नाव नोंदवताय म्हणे. आमच्या वेळी लोक फोनसाठी सात सात वर्षं थांबायचे. तुम्ही तेवीस दिवसांत नाव मागताय."

"लागेल का हो वेळ, अण्णा?"

"लागायला पाहिजे," नरसिंहराव म्हणाले. "वेळ लागला नाही तर समजा काहीतरी चुकलं."

या कसोटीवर पाहता पुढचं सगळं अगदी बिनचूक झालं.

नोंदणीच्या संकेतस्थळावर तीन पायऱ्या होत्या. आधी संस्थेची ओळख पटवायची, मग नाव मंजूर करून घ्यायचं, मग त्या नावाने जो निरोप जाणार त्याचा शब्दन् शब्द मंजूर करून घ्यायचा. पहिली पायरी संयोगिता इराच्या झोपांमध्ये चढली. इरा दिवसातून तीनदा झोपायची, दर वेळी पस्तीस मिनिटं, आणि ते संकेतस्थळ छत्तिसाव्या मिनिटाला भरलेला अर्ज विसरायचं. शिवाय सगुणाबाईंनी राहुकाळात अर्ज धाडायला बंदी घातलेली. ते संकेतस्थळ फक्त राहुकाळातच झरझर चालायचं. त्या दीड तासात अख्खं जयनगर अर्ज भरायचं थांबतं, त्यामुळे ओझं कमी होतं, असा यशोवर्धनचा सिद्धांत होता. आईसमोर त्याने तो मांडला नाही.

नावासाठी घरात बैठक बसली. सहा इंग्रजी अक्षरं, कमी नाही, जास्त नाही. संयोगिताच्या मनात सरळ 'एन एच ए यू एम ए' होतं, न्हाऊमाखूतली पहिली सहा.

"'न्हाऊमा'?" सगुणाबाईंनी ते तोंडात घोळवून पाहिलं. "आणि खू कुठं गेला? हे म्हणजे माखणं अर्ध्यावर टाकून बाई निघून गेल्यासारखं झालं. त्यापेक्षा इराबाई ठेव. बघ, मोजून सहा बसतात."

यशोवर्धनने बोटांवर मोजलं. आय आर ए बी ए आय. बसत होती. सगळ्यांना आनंद झाला. अर्ज गेला. दोन दिवसांनी उत्तर आलं: नाकारले. कारण: सदर नावाचा संस्थेशी संबंध आढळत नाही.

सगुणाबाई त्या दिवशी जेवल्या त्या रागाने जास्तच जेवल्या. "जिच्यामुळे संस्था निघाली तिचाच संबंध नाही? कोण बसलाय तिथं? त्याला आणा म्हणावं इथं, इराचं तोंड बघ म्हणावं, आणि मग सांग संबंध नाही म्हणून." इराने या सगळ्या प्रकरणात आपल्या पायाचा अंगठा तोंडात घालून तटस्थ राहणं पसंत केलं.

तेव्हा पुन्हा 'न्हाऊमा'. या वेळी सोबत संस्थेच्या छापील कागदावर अधिकारपत्र हवं होतं, सहीशिक्क्यानिशी. जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात जाऊन रबरी शिक्का केला. यशोवर्धनने कागदाच्या डोक्यावर टाकायला बादलीचं चित्र काढलं, मग ती बादलीच दिसावी की घंगाळासारखी यात एक रविवार गेला. पंधरा तारखेला पत्र छापलं, सही केली, शिक्का मारला, जेवणाच्या टेबलावर ठेवलं. इराला पाजून झाल्यावर त्याची फोनवरून प्रत काढली, साइट म्हणत होती तशी काळी-पांढरी, आणि पाठवली.

अठराला उत्तर: नाकारले. दस्तऐवजात फेरफार आढळला.

संयोगिताने ते दोनदा वाचलं. आयुष्यात तिने शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सहीसुद्धा कधी केली नव्हती. तिने पुन्हा पत्र छापलं. पुन्हा सही, शिक्का, टेबल, पाजणं, प्रत. बावीसला उत्तर: नाकारले. फेरफार.

आता तिने मदतकेंद्राला फोन लावला. अठरा मिनिटं बासरी ऐकल्यावर पलीकडून सुहास नावाचा माणूस बोलू लागला. आधी दोघं हिंदीत भांडत होते. मग "अहो, मी कशाला फेरफार करू" हे संयोगिताच्या तोंडून मराठीत निघून गेलं.

"तुम्ही मराठी होय," सुहासचा आवाज उतरला. "मी सोलापूरचा. मग खरं सांगतो ताई. तुमच्या पत्राच्या चारी कोपऱ्यांना खाडाखोड आहे. आणि शिक्क्यावर मोठा काळा डाग आहे. आम्हाला वाटणार, आधीचा शिक्का पुसून दुसरा मारला."

"पण माझ्यासमोरच्या कागदावर काही नाहीये."

"इथं आहे ना ताई. दोन्ही वेळा त्याच जागी. सराईत गुन्हेगार असावा तसं."

सराईत गुन्हेगार. संयोगिताने फोनची काच पुसली. यशोवर्धनच्या ऑफिसातून पत्र छापून आणवलं. नरसिंहरावांनी शाईवर संशय घेतला. त्यांच्या मते शिक्क्याची शाई हल्ली दमट हवेत पसरते. एवढ्यात चोवीस तारीख उजाडली. मॅनेजरचा एक गोड मेसेज आला, तुझी जागा खिडकीजवळ ठेवली आहे. तो वाचून संयोगिताने इराला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

त्या दुपारी तिने तिसरं पत्र टेबलावर ठेवलं आणि इराला घेऊन खोलीत गेली. पण इराला दूध नको होतं. पाच मिनिटांत त्या दोघी परत बाहेर आल्या, तर टेबल रिकामं. पत्र देवघरात होतं. सगुणाबाई पाटावर बसल्या होत्या आणि अगदी मन लावून पत्राच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकवाचं बोट लावत होत्या. मग पाचवं बोट त्यांनी बरोबर मधोमध, शिक्क्यावर टेकवलं. क्षणभर हात जोडले. आणि कागद खराब दिसू नये म्हणून पदराच्या टोकाने ती सगळी बोटं इतक्या हलक्या हाताने पुसली की डोळ्यांना नुसती एक पिवळट झाक उरली.

काळ्या-पांढऱ्या प्रतीत त्या झाकेचं काय होत असेल ते संयोगिताला उभ्या उभ्या कळलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "हे आधीच्या दोन्ही पत्रांना पण केलंत?"

"मग? नवं काम, घरातून पहिला कागद बाहेर जातोय, तसाच कोरडा पाठवायचा? यशाच्या कॉलेजच्या अर्जाला लावलं होतं. नोकरीला लागला तेव्हाच्या कागदाला लावलं. तुमच्याकडं धाडली त्या पत्रिकेलाही लावलं होतं हो, कुणी नाकारली नाही." त्यांनी संयोगिताचा चेहरा पाहिला आणि त्यांचा आवाज बारीक झाला. "का गं? त्यानंच अडलंय का?"

संयोगिताला सतरा दिवसांचा राग यायला हवा होता. तो येण्याच्या बेतातही होता. पण सगुणाबाईंच्या बोटाला अजून कुंकू होतं, आणि ते बोट त्यांनी मुठीत लपवलं होतं, खाऊ चोरलेल्या पोरीसारखं. ही बाई गेले नऊ-दहा दिवस तिच्या पाठीमागे, तिला न सांगता, तिचं काम व्हावं म्हणून देवापुढे बसत होती.

"अडलंय थोडं," ती म्हणाली. "पण थोडंच."

"मी लावणार नाही मग." सगुणाबाईंनी करंडा मिटला. "पण देवाला न दाखवता पाठवायचं म्हणजे मला नाही बाई झोप लागायची."

हा पेच टेलिफोन खात्याने सोडवला. नरसिंहराव खाली येऊन सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "यात अवघड काय आहे अम्मा? खात्यात प्रत्येक कागदाच्या दोन प्रती निघतात. एक मूळ प्रत, ती जाते. एक कार्यालयीन प्रत, ती राहते. देवघर हे कार्यालय समजा." बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दिलेला हा बहुधा पहिलाच निकाल, ज्यात दोन्ही पक्ष खूश होते. कार्यालयीन प्रतीला सगुणाबाईंनी इतकं हळदीकुंकू लावलं की शिक्का दिसेना, वर एक शेवंतीचं फूल ठेवलं. मूळ प्रत कोरडी गेली. सत्तावीस तारखेला 'न्हाऊमा' मंजूर झालं. कन्नडमध्ये सगुणाबाईंनी शेजारच्यांना ही बातमी दिली तेव्हा मूल झाल्याच्या चालीवर दिली.

उरले तीन दिवस आणि निरोपाचा मजकूर. तो साधाच होता: न्हाऊमाखूतर्फे, उद्या अमुक वाजता अमुक बाई येतील, तेल कोमट करून ठेवा, न्हाण्याआधी तासभर बाळाला पाजू नका, बाळाला उदंड आयुष्य लाभो. अमुकच्या जागा मोकळ्या सोडून तो पाठवला. दुसऱ्या दिवशी नाकारले. मजकूर प्रचारकी आहे.

संयोगिताने आता सुहासचा थेट नंबर मागून घेतला होता. "प्रचार कुठला आहे यात?"

"शेवटचं वाक्य ताई. उदंड आयुष्य."

"तो आशीर्वाद आहे."

"आहे ना. पण सेवेच्या निरोपात आशीर्वाद बसत नाही. काम सांगायचं नि थांबायचं. आशीर्वाद प्रचारात टाकता येईल, पण त्याला ज्याला द्यायचा त्याची आधी नोंदवलेली संमती लागते."

"बाळाची?"

सुहासने पलीकडे काहीतरी चाळलं. "पालकांची चालेल बहुतेक," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "काढून टाका ताई. मला पण दीड वर्षाचा आहे घरी. बायका तोंडाने देतातच की."

आशीर्वाद काढला. एकोणतीस तारखेला दुपारी, इरा पीत असताना, संयोगिताचा एक हात अडकलेला आणि दुसऱ्या हातात फोन, तेव्हा मंजुरी आली. ती हलू शकत नव्हती, म्हणून तिने पाय हलवले. इराने पिणं थांबवून वर पाहिलं, ही कोण, असं, आणि पुन्हा पिऊ लागली.

संध्याकाळी पहिला निरोप धाडून बघायचा ठरला. मोकळ्या जागांत काहीतरी भरायला हवं होतं, तेव्हा जे सुचलं ते तिने भरलं: उद्या, सकाळी नऊ, गंगव्वा, आणि पत्ता स्वतःचा. आधी तिच्याच फोनवर टिंग वाजलं. वर सहा अक्षरं होती. यशोवर्धनने तो मेसेज पाहिला, मग सगुणाबाईंनी पाहिला, मग इराला दाखवला आणि तिने तो चाटला. मेट्रनबाईंनाही एक नमुना धाडला. दहा मिनिटांत त्यांचं उत्तर आलं: "सरी, ठीक आहे. एक तारखेपासून पाठवते. पहिल्या सात जणी लगेच आहेत."

मग संयोगिताने मॅनेजरला पत्र लिहिलं. सहा महिने ती मनातल्या मनात ज्याचा मसुदा करत होती ते पत्र. त्यात आभार होते, खिडकीजवळच्या जागेबद्दल दिलगिरी होती आणि 'नाही' हा शब्द फक्त एकदा. पाठवलं, आणि फोन पालथा ठेवला. इतके दिवस छातीवर कुणीतरी गव्हाचं पोतं ठेवलं होतं आणि ते आता उचललं, हे उचलल्यावर कळलं.

सकाळी नऊला दाराची बेल वाजली. दारात गंगव्वा, काखेत पिशवी.

"तू?" संयोगिता म्हणाली. "अगं, तुझं आज एचएसआरचं घर ना?"

"ते अकराला. नऊचं हे हाय." गंगव्वाने चपला काढल्या, फोन पुढे धरला. बटणांच्या फोनच्या इवल्याशा पडद्यावर कन्नडमध्ये सगळं होतं. उद्या, नऊ, गंगव्वा, जयनगर.

"ती चाचणी होती गं. तुलाही गेला का? माझ्या लक्षातच नाही आलं."

"चाचणी म्हंजे काय ते मला कळत न्हाई वैनी. मेसेज आला, मी आलो." ती आत येऊन न्हाणीघराकडे वळलीही. "पाणी तापलंय?"

"नाही."

"तेल?"

"नाही."

"मेसेजात लिवलंय की तेल कोमट करा म्हणून. तुमीच धाडताय आणि तुमीच वाचत न्हाई."

सगुणाबाईंनी तोवर पातेलं गॅसवर चढवलं होतं. इराला उघडी करून गंगव्वा पाटावर बसली, पाय लांब केले आणि इराला पायांवर घेतलं. चार महिन्यांनी. इरा आधी दचकली, मग तिच्या पाठीवरून ते हात एकदा फिरले आणि ती पुन्हा तशीच सैल पडली, हाडं नसल्यासारखी. पाणी ओतताना ती रडली नाही. पुसून, धुरी देऊन, टोपडं बांधून गंगव्वाने तिला सगुणाबाईंच्या हाती दिलं आणि संयोगिताकडे वळून म्हणाली, "बसा."

"मी?"

"मग कोन? दुसऱ्यांच्या पोरींना न्हाऊ घालायला चार महिने मला गावभर फिरिवताय. तुमचा पत्ता कधी येतोय ते बघतच हुतो मी."

"अगं, मला आता नऊ जणींना—"

"यशदादा करतील की. शिकलेले हायत."

यशोवर्धनने दाराबाहेरून, करतो, असं म्हटलं. संयोगिता पाटावर बसली. डोक्यावर कोमट तेल पडलं, बोटं केसांत शिरली आणि मानेच्या मागे, जिथे गेले तेवीस दिवस बसले होते, तिथे गंगव्वाने अंगठे रोवले. संयोगिता काहीतरी सांगणार होती. ते काय होतं ते तिला आठवेना. गंगव्वा पाण्याबरोबर काहीबाही पुटपुटत होती, चिक्कोडीच्या कन्नडमध्ये, निम्मं तिच्यासाठी आणि निम्मं पातेल्यासाठी.

न्हाणं झाल्यावर सगुणाबाईंनी दोघींना एका चादरीवर निजवलं, पडदा ओढला. मेथीच्या लाडवाची वाटी आणायला त्या आत गेल्या आणि परत आल्या तेव्हा दारातच थांबल्या.

इरा टक्क जागी होती. टोपड्यातून डोळे मोठे करून शेजारी बघत होती. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिची आई तिच्या आधी झोपली होती.